संमती कुणाची, ढाल कुणाची? गिरमिटापासून मालाडच्या निकालापर्यंत

माहीममध्ये आम्ही काही तरुण मुलंमुली दर रविवारी एका विहारात संविधानाचा अभ्यासवर्ग घेतो. काही महिन्यांपूर्वी वर्ग चालू असताना वस्तीतल्या एक मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या मुलीला पोलिसांनी एका लॉजवरच्या धाडीत ‘सोडवून’ नेले होते आणि आता ती संरक्षणगृहात होती. मुलगी सज्ञान. तिचे म्हणणे एकच, मला घरी जायचे आहे. पण तिला सोडायला नकार मिळाला होता. आमच्यातल्या एकाने नुकतेच मानवी तस्करीचे कलम वाचले होते. त्याने मावशींना सांगितले, “मावशी, या कायद्यात पीडितेच्या संमतीला काही अर्थच नसतो. कोर्ट ठेवेल ते तिच्या भल्यासाठीच.” आम्ही बाकीच्यांनी माना डोलावल्या. मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “बाळांनो, तुम्ही शिकलेली माणसं. पण तिला कुणी विचारलं का रे?”

आमच्याकडे उत्तर नव्हते. नंतर आम्ही कायदा आणि त्याचा इतिहास नीट वाचायला बसलो, तेव्हा कळले की आम्ही त्या माऊलीला चुकीचे सांगितले होते. कलम खरे होते, पण आम्ही ते चुकीच्या माणसावर लावले होते. ही चूक फक्त आमची नाही. मुंबईतल्या न्यायालयांनीही ती केली आहे आणि उच्च न्यायालयाला ती दुरुस्त करावी लागली आहे. चळवळीतल्या कार्यकर्त्यांकडून ती पुन्हा होऊ नये, म्हणून हा लेख.

अंगठ्याची संमती

तस्करी आणि संमती यांचे नाते समजून घ्यायचे तर सुरुवात गिरमिटापासून करावी लागेल. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी १८३४ पासून कायद्याने संपत गेली आणि त्याच वर्षी हिंदुस्थानातून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांकडे करारबद्ध मजुरांची जहाजे निघू लागली. पुढे मुंबई बंदरातूनही कोकणातले आणि देशावरचे लोक गेले. आज मॉरिशसमध्ये जो मराठी समाज आहे, तो त्यांचाच वंश. ‘अ‍ॅग्रीमेंट’चा अपभ्रंश होऊन ‘गिरमिट’ शब्द आला आणि जाणारा माणूस ‘गिरमिटिया’ झाला.

या व्यवस्थेची खुबी काय होती? गुलामाला कुणी विचारत नसे. गिरमिटियाला मात्र अधिकाऱ्यासमोर उभे करून विचारले जाई, स्वखुशीने जातोस ना? तो हो म्हणे, कागदावर अंगठा उठे आणि मळेवाला निर्धास्त होई. दुष्काळ, सावकार, गावकुसाबाहेरचे जिणे, मुकादमाने दाखवलेली खोटी स्वप्ने यातले काहीही त्या कागदावर येत नसे. येत असे फक्त अंगठा. उद्या मळ्यावर चाबूक बसला, मजुरी बुडाली, तर उत्तर तयार: तू तर राजीखुशीने आलास!

म्हणजे ‘संमती’ हा शब्द या इतिहासात प्रथम आला तो मालकाची ढाल म्हणून. आज उसतोडीला जाणारे जोडपे मुकादमाकडून उचल घेते, वीटभट्टीवर जाणारे कातकरी कुटुंब पावसाळ्यात आगाऊ पैसे घेते, तेव्हाही हाच अंगठा पुन्हा उठत असतो. घेतलेली उचल हाच त्याच्या ‘मर्जी’चा पुरावा ठरतो.

आकूताई

गिरमिटाची भरती १९१७ मध्ये थांबवण्यात आली. त्याच वर्षी मुंबईत, कामाठीपुऱ्याला लागून असलेल्या डंकन रोडवरच्या एका कुंटणखान्यात आकूताई नावाच्या तरुण बाईचा छळ करून खून झाला. ती पळून गेली होती. तिला परत पकडून आणले गेले आणि शिक्षा म्हणून हालहाल करण्यात आले. खटला चालला. तिच्याबरोबर त्याच घरात राहणाऱ्या बायकांनी साक्षी दिल्या. कर्ज कसे अंगावर चढवले जाते, बाहेर पडणे कसे अशक्य केले जाते, मारहाण कशी रोजची असते, हे सगळे त्या साक्षींतून मुंबईच्या प्रतिष्ठितांसमोर आले. या प्रकरणाने शहर हादरले. पुढे १९२१ मध्ये मुंबई सरकारने वेश्याव्यवसायाच्या प्रश्नावर समिती नेमली आणि १९२३ मध्ये मुंबई वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा आला.

आकूताईच्या घटनेत एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. तिच्या घरातल्या बायका बोलल्या म्हणून सत्य बाहेर आले. ज्यांना कायदा ‘पतित’ समजत होता, त्याच साक्षीदार म्हणून उभ्या राहिल्या. पण त्यानंतर जे कायदे झाले त्यांत या बायकांना पुन्हा कुणी विचारले नाही. त्याआधीही विचारले नव्हते. १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्याने तर बायकांची नोंदणी आणि सक्तीची शारीरिक तपासणी लादली होती. गोऱ्या सैनिकाला रोग होऊ नये म्हणून बाईचे शरीर सरकारच्या ताब्यात. तो कायदा १८८८ मध्ये रद्द झाला, पण बाईला न विचारता तिच्याबद्दल ठरवण्याची सवय रद्द झाली नाही.

गोरी मुलगी आणि काळी मुलगी

याच काळात युरोपात तस्करीविरोधी आंतरराष्ट्रीय करार होत होते. १९०४ आणि १९१० च्या करारांना नावच ‘गोऱ्या गुलामांचा व्यापार’ असे होते. चिंता होती ती युरोपीय मुलींची. १९१० च्या कराराने ठरवले की अल्पवयीन मुलीला या धंद्यासाठी नेणारा दोषीच, तिची संमती असली तरीही. सज्ञान बाईच्या बाबतीत मात्र फसवणूक किंवा जबरदस्ती सिद्ध व्हावी लागे. १९२१ मध्ये राष्ट्रसंघाच्या कराराने ही वयाची मर्यादा २१ केली. तेव्हा हिंदुस्थानच्या ब्रिटिश सरकारने काय केले? २१ ऐवजी १६ वर्षे ठेवण्याचा अधिकार राखून सही केली! म्हणजे गोरी मुलगी विसाव्या वर्षीही मूल, तिची संमती ग्राह्य नाही. आणि इथली मुलगी सोळाव्या वर्षीच स्वतःच्या विक्रीला संमती द्यायला समर्थ! संमतीचे वयसुद्धा वर्ण पाहून ठरत होते.

१९३३ च्या कराराने पुढचे पाऊल टाकले. सज्ञान बाईला दुसऱ्या देशात या धंद्यासाठी नेणारा, तिच्या संमतीने नेत असला तरी, दोषी ठरला. १९४९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराने हेच तत्त्व आणखी व्यापक केले. भारताने १९५० मध्ये त्यावर सही केली आणि त्यातूनच १९५६ चा कायदा जन्माला आला. पुढे १९८६ च्या दुरुस्तीने त्याला अनैतिक व्यापार प्रतिबंध कायदा हे नाव मिळाले. पोलीस आणि पेपरवाले ज्याला ‘पिटा’ म्हणतात तो हाच.

मित्रांनो, इथे थांबून नीट पाहा. ‘संमती असली तरीही’ हे शब्द कुणासाठी लिहिले गेले? नेणाऱ्यासाठी. विकणाऱ्यासाठी. गिरमिटाच्या मळेवाल्यासारखी त्याने ‘ती तर राजीखुशीने आली’ ही ढाल पुढे करू नये, म्हणून. आपल्या मुंबई इलाख्यात १९३४ च्या देवदासी संरक्षण कायद्यानेही हेच केले. मुलीची संमती असो वा नसो, तिला देवाला सोडण्याचा विधी बेकायदा ठरवला. देवीची इच्छा, घराण्याची रीत, मुलीचा होकार, कसलीच सबब चालणार नाही. हे योग्यच होते. कारण जिच्या गळ्यात जातीने जन्मतःच दोरी अडकवलेली आहे, तिच्या होकाराला होकार म्हणणे हा ब्राह्मणी व्यवस्थेचा जुना कावा आहे.

दामोदर हॉल आणि अनुच्छेद २३

माहीमहून परळ फार लांब नाही. तिथल्या दामोदर हॉलमध्ये १६ जून १९३६ रोजी बाबासाहेबांनी देवदासी, जोगतिणी, मुरळ्या, पोतराज यांच्या सभेत भाषण केले. धर्मांतराच्या घोषणेनंतरचे ते दिवस. कामाठीपुऱ्यातल्या बायकांना त्यांनी कठोर शब्दांत सांगितले की हे जिणे सोडा. आज काही जण या भाषणाचा दाखला देऊन म्हणतात, बघा, बाबासाहेबांनाही या बायकांना तिथून हलवायचेच होते, मग पोलिसांनी हलवले तर बिघडले कुठे?

आम्हाला हे वाचन मान्य नाही. बाबासाहेब कठोर बोलले हे खरे. पण ते कुणाशी बोलले? त्या बायकांशीच. समोर बसवून, निर्णय त्यांचा आहे असे धरून बोलले. त्यांनी पोलीस कमिशनरला अर्ज लिहून ‘यांना उचला’ असे सांगितले नाही. आणि ज्या परिस्थितीत बाई अपरिहार्यपणे या धंद्याकडे ओढली जाते, त्या परिस्थितीत राहू नका, असाही त्यांच्या बोलण्याचा आशय होता. म्हणजे परिस्थितीची सक्ती त्यांना दिसत होती आणि त्या सक्तीखालीही बाई निर्णय घेऊ शकते यावर त्यांचा विश्वास होता. या दोन्ही गोष्टी एकत्र धरणे, हाच आंबेडकरी विचार.

हाच धागा पुढे संविधानात येतो. अनुच्छेद २३ माणसांचा व्यापार, वेठबिगार आणि सक्तीचे श्रम यांना मनाई करतो. लक्षात घ्या, मूलभूत हक्कांतले बहुतेक अनुच्छेद राज्यसंस्थेला आवरतात. पण १७ आणि २३ हे थेट माणसाने माणसावर केलेल्या जुलमाविरुद्ध आहेत. महार वतनाविरुद्ध १९२८ पासून विधेयक घेऊन लढणाऱ्या माणसाला वेठ म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. १९४७ च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनातही त्यांनी विचारले आहे की उपाशी आणि बेकार माणसासमोर हक्क आणि नोकरी यातले एक निवडायची वेळ आली तर तो काय निवडेल? भुकेपोटी सोडलेला हक्क ही स्वेच्छा नव्हे, हा त्यांचा मुद्दा.

सर्वोच्च न्यायालयाला या मुद्द्यापर्यंत पोहोचायला १९८२ उजाडावे लागले. दिल्लीतल्या आशियाई स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी सांगितले की अनुच्छेद २३ मधली सक्ती केवळ लाठीची नसते. भूक आणि दारिद्र्य यामुळे किमान वेतनाहून कमी पैशांत राबणे हेसुद्धा सक्तीचे श्रम आहेत. मजुराने काम ‘स्वीकारले’ होते, म्हणून मालक सुटत नाही.

एक नियम, दोन प्रश्न

आता मूळ गुंत्याकडे येऊ. कोर्टासमोर तस्करीचे प्रकरण येते तेव्हा दोन वेगळे प्रश्न असतात.

पहिला प्रश्न: आणणारा, विकणारा, कोंडणारा दोषी आहे का? पिटाच्या कलम ५ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की वेश्याव्यवसायासाठी एखाद्या व्यक्तीला मिळवणे हा गुन्हा आहे, तिच्या संमतीने असो वा संमतीविना. २०१३ मध्ये न्या. वर्मा समितीनंतर भारतीय दंड संहितेचे कलम ३७० नव्याने लिहिले गेले. धमकी, बळ, अपहरण, फसवणूक, सत्तेचा गैरवापर, पैशाचे आमिष यांपैकी काही वापरून शोषणासाठी माणसाला आणणे म्हणजे तस्करी. आणि पुढे स्पष्टीकरण: तस्करीचा गुन्हा ठरवताना पीडिताची संमती गैरलागू. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्येही हेच स्पष्टीकरण आहे. भारताने २०११ मध्ये मान्य केलेला पालेर्मो करारही हेच सांगतो, वरील साधने वापरली असतील तर संमतीला किंमत नाही. मूल असेल तर साधने सिद्ध करण्याचीही गरज नाही.

पुन्हा वाचा: ‘गुन्हा ठरवताना’. ती बाई पुढे कुठे राहील, हे ठरवताना नव्हे.

तो दुसरा प्रश्न. धाडीत सापडलेल्या सज्ञान बाईचे पुढे काय? इथे पिटाचे कलम १७ येते. दंडाधिकाऱ्याने चौकशी करायची आणि काळजी व संरक्षणाची गरज वाटली तर तिला एक ते तीन वर्षे संरक्षणगृहात ठेवण्याचा आदेश देता येतो. आमच्या त्या मावशींची मुलगी इथे अडकली होती. तिच्यावर कुठलाही आरोप नव्हता. पण शिक्षा झालेल्या कैद्याला निदान सुटकेची तारीख माहीत असते!

मुंबई उच्च न्यायालयाचा इतिहास पाहिला तर या दोन प्रश्नांशी न्यायालय कसे झगडत आले ते दिसते. फेब्रुवारी १९९६ मध्ये कामाठीपुरा परिसरातल्या धाडींत चारशेहून अधिक मुली व बायका ताब्यात घेतल्या गेल्या. उच्च न्यायालयाने अल्पवयीन मुलींच्या विक्रीच्या बातमीची स्वतःहून दखल घेतली होती. बालिकांना सोडवणे आवश्यकच होते, त्याबद्दल दुमत नाही. बालकाच्या बाबतीत संमती हा विषयच नसतो. पण सोडवल्यानंतर काय, याची तयारी सरकारकडे नव्हती. त्यांत मोठ्या संख्येने नेपाळच्या मुली होत्या आणि त्यांना घरी पोहोचवायला शेवटी स्वयंसेवी संस्थांना धावावे लागले.

पुढे २००२ मध्ये ‘प्रेरणा’ या मुंबईतल्या संस्थेच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने दुसरे टोक धरले. धाडीत सापडलेल्या मुलींतर्फे आरोपींचाच वकील उभा राहायचा आणि ‘यांना सोडा’ म्हणायचा! म्हणजे कुंटणखान्याच्या मालकानेच मुलीची ‘मर्जी’ कोर्टाला सांगायची. न्यायालयाने हे बंद केले. आरोपीचा वकील पीडितेचा वकील होऊ शकत नाही आणि अठरा वर्षांखालील मुलगी ही गुन्हेगार नसून काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक आहे, हे बजावले. गिरमिटाचा अंगठा ओळखणारा हा निकाल होता.

मालाडचा निकाल

सप्टेंबर २०१९ मध्ये मालाडमधल्या एका गेस्ट हाऊसमधून पोलिसांनी विशीतल्या तीन तरुणींना ताब्यात घेतले. माझगावच्या दंडाधिकाऱ्यांनी त्यांना आयांच्या ताब्यात द्यायला नकार दिला. कारण काय? या मुली बेडिया समाजाच्या आहेत आणि त्या समाजात मुलींना या धंद्यात पाठवण्याची प्रथा आहे, म्हणून घरी पाठवणे हिताचे नाही. आदेश झाला, एक वर्ष उत्तर प्रदेशातल्या नारी निकेतनात ठेवा. दिंडोशीच्या सत्र न्यायालयानेही हा आदेश कायम ठेवला.

म्हणजे मुलगी कोण आहे, तिला काय हवे आहे, तिच्या आईचे घर कसे आहे, हे नंतर. आधी जात! इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या होत्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला. पण जात पाहून माणसाचे चारित्र्य ठरवण्याची नजर कोर्टाच्या कागदावर २०१९ मध्येही जिवंत होती. फरक इतकाच की आता तिला ‘संरक्षण’ म्हणत होते.

२४ सप्टेंबर २०२० रोजी उच्च न्यायालयाचे न्या. पृथ्वीराज चव्हाण यांनी दोन्ही आदेश रद्द केले. वेश्याव्यवसाय हा स्वतःहून कायद्याने गुन्हा नाही. गुन्हा आहे तो कुंटणखाना चालवणे, दुसऱ्याच्या शरीरावर कमाई करणे, सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाईक बोलावणे यांसारखी कृत्ये. या तरुणींनी असे काही केल्याचा पुरावा नाही. त्या सज्ञान आहेत, कुठे राहावे आणि कोणते काम करावे हे ठरवण्याचा त्यांना हक्क आहे. त्यांच्या इच्छेविरुद्ध डांबण्यापूर्वी त्यांना विचारायला हवे होते. आणि दंडाधिकाऱ्यांवर त्या मुलींच्या जातीचा प्रभाव पडलेला दिसतो, हेही निकालात नोंदवले गेले.

पुढे १९ मे २०२२ रोजी बुद्धदेव कर्मस्कर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अनुच्छेद २१ ची प्रतिष्ठा या बायकांनाही आहे. इच्छेविरुद्ध डांबलेल्या सज्ञान बायकांना सोडता यावे म्हणून राज्यांनी संरक्षणगृहांची पाहणी करावी, असा आदेशही दिला.

मग आपली भूमिका काय?

काही साथी म्हणतील, म्हणजे तुम्ही या धंद्याला ‘निवड’ म्हणता? नाही. ज्या धंद्यात कोणत्या जातीची मुलगी जाणार हे तिच्या जन्माआधी ठरते, त्याला आम्ही निवड म्हणणार नाही. जातीने लादलेले काम मैला वाहण्याचे असो की शरीराचे, ते संपलेच पाहिजे. पण ते संपवायचे म्हणजे जातीची व्यवस्था, दलाल, मुकादम आणि भूक संपवायची. बाईला कुलपात टाकून यातले काय संपते? मनूने सांगितलेच होते की बाईने बापाच्या, नवऱ्याच्या, मुलाच्या ताब्यात राहावे. आपण त्या यादीत दंडाधिकाऱ्याची भर घालायची का?

म्हणून आमचे म्हणणे एवढेच. तिची संमती ही आरोपीची ढाल होता कामा नये. आणि तिची संमती नसताना तिच्यावर कुलूप लागता कामा नये. पहिले विसरलो तर आपण गिरमिटाच्या मळेवाल्याच्या बाजूला जातो. दुसरे विसरलो तर मालाडच्या त्या पहिल्या आदेशाच्या बाजूला.

कार्यकर्त्यांनी प्रत्यक्षात काय करावे? बाईला आरोपीहून वेगळा, स्वतःचा वकील मिळतोय का ते पाहावे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तो मोफत मिळू शकतो. तिचे म्हणणे दलालाच्या आणि नातेवाइकांच्याही नजरेआड, एकटीने नोंदवले जावे यासाठी आग्रह धरावा, कारण कधी कधी घरचेच विकणारे असतात. कलम १७ नुसार अंतिम आदेशाशिवाय तात्पुरता ताबा तीन आठवड्यांपुढे नेता येत नाही, त्या तारखेवर नजर ठेवावी. आदेशात जातीचा उल्लेख कारण म्हणून आला असेल तर मालाडचा निकाल दाखवावा आणि अपील करावे. आणि ज्याने तिला आणले, त्याच्यावरचा खटला तिच्या सुटकेमुळे सैल पडू देऊ नये.

आम्ही त्या मावशींकडे पुन्हा गेलो. आधी चूक कबूल केली, मग त्यांच्याबरोबर वकिलाकडे गेलो. मुलीला भेटता आले तेव्हा आमच्यातल्या ताईंनी तिला पहिला प्रश्न विचारला: “तुला काय हवंय?” ती बराच वेळ रडत राहिली. मग बोलायला लागली. कुणी आणले, किती पैसे घेतले, कुठे ठेवले, हे सगळे तिने स्वतःहून सांगितले. एवढ्या दिवसांत तिला हा प्रश्न पहिल्यांदाच कुणीतरी विचारला होता.

आकूताईच्या सोबतिणी शंभर वर्षांपूर्वी कोर्टात बोलल्या होत्या. बायका बोलतातच. ऐकणारे आपण आहोत का, हा खरा प्रश्न आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!